पाइपवर टेकलेला पाट

मी पाइपलाइनवर नोकरीला लागलो तेव्हा सुरतेच्या नवागाममधल्या काकांच्या गल्लीत सगळ्यांचा समज झाला की आता घरोघरी नळ येणार. त्यात त्यांची काही चूक नव्हती. गल्लीच्या तोंडाशी एकच बोअर, त्याच्यापुढे सकाळपासून हंड्यांची रांग, आणि पुतण्या इंजिनिअर होऊन आलाय तो पाइपलाइनवर. मग माणसाने दुसरं काय समजायचं? मी कामावरून परत येताना बायका मला अडवायच्या.

"भाऊ, आमना घरले अर्धा इंचनी लाइन देजो बरं."

मी समजावून सांगायचो की ही पाण्याची नाही, तेलाची लाइन आहे. समुद्राच्या बाजूला मोठाल्या टाक्या बांधल्यात, बोटीतून येणारं कच्चं तेल तिथे साठवायचं आणि तिथून जमिनीखालून थेट रिफायनरीपर्यंत न्यायचं. हे ऐकून काकू म्हणाली, "मंग तेच दे. बाटलीभर तरी दे. दिवाळी निंघी जाई."

सगळ्या हसल्या. मीही हसलो. तेव्हा मला अजून हसू येत होतं.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. तापीकाठच्या गावात जिल्हा परिषदेची शाळा, मग तालुक्याला हायस्कूल, मग धुळ्याला इंजिनिअरिंग. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सही करता येते एवढंच. कॉलेजची माझी सगळी वर्षं काकांच्या पाळ्यांवर निघाली. ते सुरतेला एका डाइंग मिलमध्ये कापड रंगवायच्या मशीनवर होते. कुणाची पाळी रिकामी असली की ती ते स्वतः करायचे आणि त्याचे पैसे माझ्या खोलीभाड्याला यायचे. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पण सुट्टीत सुरतेला आलो की काकांच्या नखांतला रंग दिसायचा आणि कळायचं. त्यामुळे नोकरी सुरतेतच लागली आणि राहायला काकांचंच घर मिळालं, तेव्हा मला वाटलं, देवाने फेडायची संधी दिली. काकांनी काही मागावं आणि मी ते पटकन करून दाखवावं, असं मनात फार होतं.

काकांनी आयुष्यात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली.

ती सांगण्याआधी पाइपलाइनचं सांगायला हवं. ऑफिसातल्या नकाशावर ती एक सरळ लाल रेघ होती. समुद्राकडच्या त्या टाक्यांच्या टर्मिनलपासून निघायची, उसाच्या आणि चिकूच्या वाड्यांतून यायची, शहराला बाहेरून वळसा घालायची आणि पुढे निघून जायची. जमिनीवर मात्र ती कुठेच सरळ नव्हती. कुठे शेतकरी म्हणायचा पीक निघू द्या, कुठे ज्या खात्याची परवानगी आली त्याच खात्याचा दुसरा माणूस काम थांबवायचा. मी ठेकेदाराकडे ज्युनिअर इंजिनिअर होतो. ज्युनिअर इंजिनिअर म्हणजे सगळ्यांनी ज्याला विचारायचं आणि ज्याला कुणीच काही सांगायचं नाही, असा माणूस.

आमच्या वस्तीतून कॅनॉलकडे जाणारा एक कच्चा रस्ता होता. पाइपलाइनला तो ओलांडायचा होता. काम अगदी साधं. रस्ता खणायचा, दोन्ही बाजूंचे पाइप मध्ये जोडायचे, खाली सोडायचे आणि माती टाकून रस्ता पुन्हा सारखा करायचा. उन्हाळ्यात झालं असतं तर चार दिवसांचं काम. पण रस्ता खणायची परवानगी उन्हाळाभर कुठल्या तरी टेबलावर पडून राहिली आणि आली ती पाऊस तोंडावर आल्यावर. साहेबांनी त्याच दिवशी पोकलेन लावलं. खणून झालं आणि पाऊस सुरू झाला. वेल्डर लोक पावसाळ्यात गावी जातात, तसे ते गेले.

मागे राहिला रस्त्याला आडवा चर, त्यात गढूळ पाणी, आणि चराच्या कडेला लाकडी ओंडक्यांवर ठेवलेला पाइप, तोही रस्त्याला आडवाच. जाड काळं वेष्टण घातलेला, कमरेपर्यंत येणारा. वस्तीतल्या लोकांनी चरावर फळ्या टाकल्या आणि पाइपच्या दोन्ही बाजूंना मातीची पोती रचून पायऱ्या केल्या. फळीवरून चर ओलांडायचा, पोत्यांवर चढायचं, पाइपवर पाय द्यायचा, पलीकडे उतरायचं. शाळेतली मुलं, मिलची माणसं, भाजीची टोपली घेतलेल्या बायका, सगळे असे जायचे. पाइपच्या वेष्टणाला पाय लागून ते फाटू नये म्हणून मी त्याच्यावर गोणपाट गुंडाळलं. दर दोन दिवसांनी ते कुणीतरी काढून न्यायचं. मी पुन्हा गुंडाळायचो.

साहेबांना मी रोज विचारायचो. साहेब सुरतेचेच, गुजराती, मनाने चांगले. मला मुलाखतीत एकही इंग्रजी वाक्य नीट आलं नव्हतं तरी त्यांनी मला घेतलं, हे मी विसरलेलो नाही. पण त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर असायचं.

"साहेब, नवागामच्या रस्त्याचं?"

"थई जशे, भाई. वरसाद तो जोवो."

पाऊस तर मला दिसतच होता.

आता काकांची गोष्ट. कानबाई हा आम्हा खानदेशी लोकांचा श्रावणातला मोठा सण. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नथ, डोळे, दागिने लावून, साडी नेसवून तिला चौरंगावर बसवायचं, गाणी म्हणायची, आणि सोमवारी सकाळी पाटावर घेऊन, डोक्यावरून, वाजतगाजत पाण्यावर न्यायचं. नारळ बुडवायचा नाही. पाण्याची भेट घडवून तो परत आणायचा आणि पुढच्या वर्षासाठी जपायचा. त्या दिवशी सगळी भाऊबंदकी एका छपराखाली पाहिजे. आमच्या तापीकाठच्या लोकांत, आणि वस्तीत बहुतेक तेच, आणखी दोन गोष्टी कडक होत्या. चौरंगाखाली तापीचीच वाळू अंथरायची. आणि पाट एकदा डोक्यावर चढला की पाणी येईपर्यंत तो खाली टेकू द्यायचा नाही.

आमची कानबाई गावाला, आबांच्या घरी बसायची. काका सुरतेला आल्यापासून त्यांना ती क्वचितच मिळाली. श्रावणात मिलला दिवाळीच्या मालाची घाई सुरू होते आणि सुट्टी मागितली की मशीनवर दुसरा माणूस उभा राहतो. इतर चुलतभावांचंही तसंच. बहुतेक सगळे सुरतेत, आणि गावाला आबा आणि दोन म्हातारी घरं. म्हणून काकांनी बरीच वर्षं मागे लागून आबांना तयार केलं होतं की कानबाई सुरतेला आणू. एक वर्ष आणून बघू. नीट पार पडलं तर ती इथेच राहील. आबांना ते पटलेलं नव्हतं, पण ते हो म्हणाले होते.

एका संध्याकाळी काका मिलमधून आले, हातपाय धुतले आणि माझ्याजवळ बसले. ते माझ्याशी कामाबद्दल कधी बोलत नसत. मी शिकलेला म्हणून थोडे संकोचायचे.

"भाऊ," ते म्हणाले, "तो कॅनॉलकडला रस्ता कानबाईना आगे व्हई जाई ना?"

वस्तीतून पाण्यावर जायला दुसरा रस्ता होता, पण तो रेल्वेलाइनच्या कडेने, आणि तिथून मिरवणूक नेऊ देत नव्हते. कॅनॉलचं पाणी म्हणजे तापीचंच पाणी, त्यामुळे जायचं तर तिथेच जायचं.

"होईल काका," मी म्हणालो. कानबाईला अजून बरेच दिवस होते.

त्यानंतर मी साहेबांच्या इतका मागे लागलो की ते मला पाहिलं की फोन उचलायचे. पण काम हललं. वेल्डर परत आले. जोड लागले, जोडांचे एक्स-रे झाले, ते पास होऊन आले. जोडांवर वेष्टण चढलं. आता फक्त पंप लावून चरातलं पाणी काढायचं, तळाला वाळू टाकायची, क्रेनने पाइप खाली सोडायचा आणि बुजवायचं. वाळू का, तर ती सगळी जमीन भरावाची. मिलच्या भट्ट्यांमधला कोळशाचा खडा, फुटक्या विटा, काचा. त्यावर पाइप तसाच ठेवला तर वेष्टण फाटतं आणि जमिनीतल्या ओलीने लोखंड कुजतं. आतून तेल जाणार असतं, त्यामुळे त्या बाबतीत कुणी दयामाया दाखवत नाही, आणि दाखवूही नये.

कानबाईच्या आदल्या बुधवारी वाळूचा ट्रक आला. मी स्वतः उभा राहून तो खाली करून घेतला. स्वच्छ, बारीक, तापीच्या पात्रातली वाळू. चौकीदाराला सांगितलं, लक्ष ठेव. चौकीदार आमच्याच वस्तीतला होता, खानदेशातलाच. त्याने मान डोलावली. शनिवारी क्रेन येणार होती. त्या दिवशी मी घरी जाऊन काकांना म्हणालो, "शनिवारी रस्ता मोकळा." जेवताना काकांनी काकूला माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढायला लावली.

गुरुवारी मला सचिन गावाच्या बाजूच्या कामावर पाठवलं. तिकडे क्रेन चिखलात रुतली होती. शुक्रवारी सकाळी साइटवर गेलो तर वाळूचा ढीग नव्हता. म्हणजे जागेवर थोडी होती, एखाद्या घराच्या अंगणाला पुरेल एवढी. आमचा फोरमन, पंजाबचा मोठा दणकट माणूस, कमरेवर हात ठेवून बघत होता.

"साहब, आपकी रेती को पैर लग गए."

मी वस्तीकडे परत निघालो. पहिल्याच घराच्या दारात वाळू सांडलेली. पुढच्या घरात बाई सुपाने वाळू पाखडत होती. त्याच्या पुढच्या घरात चौरंग मांडून झालेला आणि त्याच्याखाली वाळूचा छान चौकोन, बोटाने नक्षी काढलेला. एकानेही लपवाछपवी केली नव्हती. उलट दोघीतिघी मला बघून कौतुकाने हसल्या. आमच्या घरी काकू पिठाच्या चाळणीतून वाळू चाळत बसली होती.

"काकू, ही वाळू कुठली?"

"तापीनी."

"आणली कुठून?"

"तुन्हा ढीगनी." तिचा हात थांबला नाही. "एकच घमेलं शे भाऊ. बठ्ठ्या लई गयात, मंग मी बी लई उनू. कशी देवीनीच धाडी देखा, वस्तीना दारशी."

मी खाली बसलो. मला ओरडायचं होतं, पण काकूवर मी ओरडू शकत नव्हतो. मी एकेक गोष्ट सांगितली. ही वाळू पाइपखाली घालायची होती. ती नाही तर पाइप खाली सोडता येत नाही. पाइप वर राहिला तर चर बुजत नाही. आणि चर बुजला नाही तर सोमवारी कानबाई कुठून जाणार?

काकूने चाळण खाली ठेवली. "एवढीशी वाळूमुये तुन्ही कंपनी अडी गयी?"

"हो."

"मंग तू आगे काबर नही सांगं?"

बांधकामाच्या वाळूला हात लावू नका असं सुरतेत कुणाला सांगावं लागतं का? पण हे बांधकाम नव्हतंच त्यांच्या दृष्टीने. तो एक खड्डा होता, सगळा पावसाळा पडून राहिलेला, आणि त्याच्या कडेला सणाच्या तोंडावर कुणीतरी तापीची वाळू आणून टाकलेली. नदीवर जायचं तर अर्धा दिवस जातो. मी त्या गल्लीत जन्मलो असतो आणि इंजिनिअर झालो नसतो तर मीही घमेलं घेऊन गेलो असतो.

"परत देता येईल का सगळ्यांना?" मी विचारलं.

आता काकूचा चेहरा खरंच बदलला. "देवीना खाले अंथरेल वाळू कोनी उचलस का रे? सोमवारना दिन बठ्ठ्या परत देसूत. एकूणएक."

सोमवारी! चौकीदाराला गाठलं तर तो खाली मान घालून उभा राहिला. पहिलं घमेलं त्यानेच स्वतःच्या घरी नेलं होतं. "माले वाटनं, तुम्हीच मागाडी ना कानबाईसाठे," तो म्हणाला. त्याला खरोखरच तसं वाटलं होतं. इंजिनिअर आपला माणूस आहे, सणाला वाळू लागते हे त्याला माहीत आहे, त्याने मागवली.

साहेब ऐकून आधी खूप हसले. मग त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि हसणं थांबवलं. "तमारा ज माणसो छे ने? तो तमे ज समजावो." दुसरा ट्रक सांगितला, पण नदीला पाणी चढलेलं, वाळू काढणारे बंद. ट्रकवाला सोमवारचं बोलला. मी विचारलं, वाळूऐवजी गोण्या अंथरल्या तर? तपासणीवाले साहेब म्हणाले, ड्रॉइंगमध्ये वाळू आहे. मी विचारलं, पाइप क्रेनने उचलून बाजूला ठेवू, चर दोन दिवसांपुरता बुजवू, मंगळवारी पुन्हा उकरू? फोरमन तयार होता. पण क्रेन सचिनजवळ अजून चिखलातच होती, आणि शनिवारी ती निघाली तेव्हा तिला दुसरीकडे नेलं, कारण आमच्याकडे वाळू नाही म्हणून आमचं काम पुढे ढकललं गेलं होतं. मी शनिवारी संध्याकाळी ऑफिसच्या बाहेर सायकलला टेकून उभा होतो आणि मला कुणावर रागवावं तेच कळत नव्हतं. ज्याच्याकडे बोट दाखवावं त्याचं म्हणणं बरोबर होतं.

त्याच संध्याकाळी आबा भुसावळकडच्या पॅसेंजरने आले. स्टेशनवर मी आणायला गेलो. त्यांनी नारळ पंच्यात गुंडाळून पूर्ण प्रवास मांडीवर धरला होता, बाजूच्या माणसाला लागूसुद्धा दिला नव्हता. वस्तीकडे येताना ते म्हणाले, आधी तुझी लाइन दाखव. मी टाळत होतो. पण त्यांनी ऐकलं नाही. नारळ उजव्या हातात धरून त्यांनी डाव्या हाताने गोणपाट बाजूला सारलं आणि पाइपवरून हात फिरवला.

"हाई तुन्हं काम शे?"

"माझं एकट्याचं नाही आबा. खूप लोक आहेत."

"पन तू इंजिनेर ना." ते पाइपच्या टोकापर्यंत नजर नेत राहिले, जिथपर्यंत दिसत होता तिथपर्यंत. त्यांना फार अभिमान वाटत होता. मग त्यांनी खाली चरातल्या पाण्याकडे पाहिलं, फळ्यांकडे पाहिलं, पोत्यांच्या पायऱ्यांकडे पाहिलं. "परवा वाट व्हई ना?"

"बघतोय," मी म्हणालो.

त्यांनी गोणपाट पुन्हा पाइपवर ओढून घेतलं.

रविवारी कानबाई बसली. काकांच्या दोन खोल्यांत सगळी भाऊबंदकी दाटीवाटीने. वर्षानुवर्षं एकमेकांना न भेटलेले चुलतभाऊ, सगळ्यांच्या नखांत तोच रंग. काका नवीन टोपी घालून दारात उभे राहून प्रत्येकाला आत घेत होते. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नाही. त्या आनंदाकडे मला बघवत नव्हतं, कारण सकाळी काय होणार हे मला एकट्याला नीट माहीत होतं. काकांना वाटत होतं, काहीतरी होईल. पुतण्या बघेल.

सोमवारी सकाळी वाजंत्री पुढे, मागे फुगड्या घालणाऱ्या बायका, आणि मध्ये काकू, डोक्यावर पाट, पाटावर कानबाई. फोरमन आणि त्याची दोन माणसं माझ्या सांगण्यावरून आधीच येऊन उभी होती. त्यांनी फळ्यांच्या खाली टेकू लावले होते, फळ्यांवर नवीन गोण्या अंथरल्या होत्या. पहाटे पाऊस पडून गेला होता. बँडवाले आधी पलीकडे गेले. ढोलवाल्याला ढोल आडवा करून द्यावा लागला. मग काकू फळीवर आली. मी आणि काका दोन्ही बाजूंना चरात उतरलो, पाणी मांडीपर्यंत. आबा धोतर खोचून तिच्या मागे, दोन्ही हात वर, पाटाच्या खाली. ती हळूहळू चर ओलांडून गेली. मला वाटलं, जमलं.

पोत्यांची पायरी खचली. काकूचा एक पाय पाइपवर होता आणि दुसरा खाली गेला. ती पडली नाही. ती पाइपवर बसली, घोड्यावर बसतात तशी, आणि तोल सावरताना तिने पाट डोक्यावरून पुढे घेतला. पाट पाइपवर टेकला.

ढोल थांबला. एक बाई "माय वं" म्हणाली. काकू रडकुंडीला आली होती, पण पाट तिने घट्ट धरला होता आणि नारळ हलला नव्हता.

"टेकना," भाऊबंदकीतला एक म्हातारा म्हणाला.

"जमीनले नही टेकना," काका चरातूनच ओरडले. "नळले टेकना. नळ म्हंजे जमीन नही."

"खाले ते टेकना ना."

"खाले कसा? ओंडकावर शे नळ! देखा ना, हात जास खालतून." काका खरोखरच पाइप आणि जमिनीच्या मधल्या फटीत हात घालून दाखवायला लागले. लोक वाकून बघायला लागले. काहीजण हसले. फोरमनला भाषा समजत नव्हती, तोही वाकून बघत होता, त्याला वाटलं पाइपला काही झालं.

आबा म्हणाले, "थांबा." मग माझ्याकडे वळले. "तू सांग. तू शिकेल शेस. हाई जमीन शे का नही?"

एवढ्या लोकांसमोर, गुडघ्यांच्या वर पाण्यात उभा राहून, माझ्या आयुष्यातला पहिला तांत्रिक निर्णय मी दिला.

"नाही आबा," मी म्हणालो. "पाइप अजून खाली सोडलेला नाही. ही जमीन नाही."

आबांनी पाट स्वतः उचलून पुन्हा काकूच्या डोक्यावर ठेवला. मिरवणूक कॅनॉलपर्यंत गेली. पाण्याची भेट झाली. परतताना बायकांनी शब्द पाळला. प्रत्येकीने चौरंगाखालची वाळू घमेल्यात भरून चराच्या कडेला आणून टाकली. त्यात हळदकुंकू होतं, तांदूळ होते, झेंडूच्या पाकळ्या होत्या. दुपारी ट्रक आला तेव्हा फोरमनने दोन्ही ढीग एकमेकांत मिसळून टाकले.

संध्याकाळी आबा परत निघाले आणि त्यांनी नारळ मागितला. काकांनी विचारलं, "आठेच ठेवानं ठरेल व्हतं ना?" आबांनी नकारार्थी मान हलवली. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी आबांना बाजूला नेलं आणि सांगितलं, "आठ दिवसांत रस्ता होतोय. पुढच्या वर्षी काही अडचण राहणार नाही. जमिनीला टेकला नाही, तुम्हीच मान्य केलं."

"मान्य शे," आबा म्हणाले. "रस्ता बी व्हई जाई. पन ती ते आज निघनी व्हती ना, भाऊ. आज तिले वाट नही भेटनी."

ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर मी भांडलो असतो. त्यांनी नारळ पंच्यात गुंडाळला आणि काकांच्या डोक्यावर हात ठेवून ते निघाले. काकांनी त्यांना स्टेशनपर्यंत सोडलं, मला येऊ दिलं नाही.

पाइप त्याच आठवड्यात खाली गेला. एका दिवसात. सकाळी पंप, दुपारी वाळू, मग क्रेन, आणि संध्याकाळी चर बुजून रस्त्यावर रोलर फिरत होता. साहेब जीपमधून आले, खाली न उतरताच बघितलं आणि म्हणाले, "जोयुं? थई गयुं ने!" मी हो म्हणालो. जाताना त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि सांगितलं की माझं नाव ते वरच्या साहेबांना कळवणार आहेत. त्यांनी खरोखरच कळवलं. पुढच्या वर्षी मला बढती मिळाली.

पुढच्या श्रावणात लाइन चालू झालेली होती. तेल वाहत होतं, मीटर बरोबर होते, माझ्यावाचून काही अडत नव्हतं. कानबाईसाठी सुट्टी मागितली तर साहेबांनी मान वर न करता सही केली. काकांनीही मिलमध्ये मागितली. मशीनवर उभा राहायला दोन माणसं तयार होती, म्हणून त्यांनी अर्ज मागे घेतला. मी आणि काकू गावाला गेलो. सुरतेचे इतर भाऊही फारसे आले नाहीत. आबांच्या अंगणात कानबाई बसली, आणि गाणी म्हणायला बायका कमी पडल्या म्हणून शेजारच्या घरातल्या बोलावल्या.

कानबाईच्या नैवेद्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, आम्ही घराण्याबाहेर कुणाला देत नाहीत आणि पौर्णिमेच्या आत संपवावे लागतात. काकूने काकांच्या वाटणीचे फडक्यात बांधून आणले. काका पाळी संपवून आले, आंघोळ केली, आणि दारातच बसून जेवले. समोरून रस्ता कॅनॉलकडे गेलेला दिसत होता, चांगला रुंद, दाबून घट्ट बसलेला. रिक्षा जात होत्या, सायकली जात होत्या. पाइप कुठून गेलाय हे आता मलाही खुणेचा पिवळा खांब बघितल्याशिवाय सांगता आलं नसतं.

"आते दोन बँड एकदम जातीन आठेतून," काका म्हणाले.

मी म्हणालो, "पुढच्या वर्षी आबांशी मी बोलतो."

"बोल," काका म्हणाले. त्यांनी दुसरा रोट मोडला, अर्धा काकूला दिला, आणि मला विचारलं की गावाला पाऊस कसा आहे.

मी तीन वर्षं बोललो. आबांनी दर वेळी ऐकून घेतलं. चौथ्या वर्षी काकांनी मला सांगितलं की आता नको बोलू.